पायरीवर नसलेला माणूस

१

“हे चित्र पुरं झालेलं नाही.”

म्हातारी एवढंच म्हणाली, तेही खालच्या आवाजात. पण दालनात बसलेल्यांच्या हातातले कप हातातच राहिले.

समोरच्या भिंतीवर एकच चित्र होतं. टाक आणि काळी शाई, दुसरं काही नाही. गावाबाहेरची पडीक गोदी त्यात काढली होती. तिन्ही बाजूंना दगडी बांध, मधे साचलेलं, न हलणारं पाणी. पलीकडच्या बांधावर गोदामाची भिंत, तिच्या फुटक्या खिडक्या, दोर गुंडाळलेला एक खांब आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. दगड जाड, खरबरीत रेघांचा होता. पाणी केसाएवढ्या बारीक आडव्या रेघांचं होतं, आणि पाण्यावर जिथे ऊन पडलं होतं तिथे चित्रकारानं काहीच केलं नव्हतं. कागद कोरा सोडला होता. सगळ्या चित्रात तो कोरा कागदच जास्त ओला दिसत होता.

त्या पाण्यात एक माणूस उलटा उभा होता. डोक्याभोवती गाठोड्यासारखं काहीतरी. वर, खऱ्या पायऱ्यांवर, जिथे तो असायला हवा, तिथे कोणी नव्हतं. पायऱ्यांच्या रेघा तेवढ्या जागेपाशी येऊन थांबल्या होत्या.

चित्राचा आस्वाद कसा घ्यावा हे लोकांना शिकवायला शहरातला सर्वांत मोठा समीक्षक आला होता. आत्ताच तो तासभर बोलला होता. “असणं खोटं, नसणं खरं,” असं म्हणाला होता. “डोक्यावर ओझं घेतलेली ती बाई कधीची निघून गेली. पाणी मात्र तिला विसरायला तयार नाही.” पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले होते. इथे रडायचं असतं हे एखाद्या मोठ्या माणसानं सांगितलं की माणसं रडतात. स्वतः बघायचे कष्ट वाचतात.

आणि आता ज्यानं हे काढलं त्याची बायको उभी राहून म्हणत होती की पुरं झालेलं नाही.

दालनाचा मालक धावत आला. “काकू, तुम्ही दमलात. चला, गाडीनं घरी सोडतो.”

“दमले असते तर बसले असते,” काकू म्हणाल्या. “यांनी पायरीवरचा माणूस काढायचा ठेवलाय. जागा सोडलीय, दिसत नाही का तुम्हाला? आणि कोपऱ्यात ती सही आहे ना, ती यांची नाही.”

समीक्षकानं चित्राकडे वळून दोन्ही हात वर उचलले. ते छातीपर्यंत आले, तिथे अडखळले आणि कोटाच्या खिशात गेले.

शेवटच्या रांगेत साध्या कपड्यांत बसलेली फौजदारबाई उठली. चित्रकाराच्या खुनासाठी तिनं एका नावाड्याला कोठडीत टाकलं होतं. वरून रोज फोन येत होते, आरोपपत्र उरका म्हणून. उद्या ती सही करणार होती.

“काकू,” ती म्हणाली, “माझ्याबरोबर येता का?”

२

गाडीत हवालदार पुढे बसला होता. त्याला चित्रातलं काही कळत नव्हतं आणि ते लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती.

“मला सांगा काकू, पुरं झालं नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? हल्ली अर्धवटच काढतात म्हणे.”

“हे तसले नव्हते,” काकू म्हणाल्या. “पाण्याकाठी बसले की हे आधी पाणी काढायचे. जमीन नंतर. सगळे लोक वरचं काढून मग खाली त्याची सावली उतरवतात. हे उलटं करायचे. मी एकदा विचारलं, का हो असं? म्हणाले, पायऱ्या उद्याही असतील, पाणी आत्ता आहे तेवढंच.”

फौजदारबाईनं मान वळवली. “म्हणजे पायरीवर कोणी उभं असेल तर?”

“तर त्याचं पाण्यातलं रूप आधी. मग भिंत, खांब, दगड. वरचा माणूस अगदी शेवटी, त्याची जागा राखून. आणि सही त्याहून शेवटी, ती पाण्यात. दगडावर यांनी जन्मात सही केली नाही. ही दगडावर आहे.”

“पण दालनवाले म्हणतात, तुमच्या यजमानांनी आदल्या संध्याकाळी पूर्ण करून आणून दिलं.”

“आदल्या संध्याकाळी हे घरात माझ्यासमोर बसून टाकांच्या निबा पुसत होते. मला म्हणाले, उद्या गोदीवर जातो, ती राहिलीय माझी.”

फौजदारबाईनं मनात दिवस जुळवले. दुसऱ्या दिवशी चित्रकार गोदीवर गेला आणि पाण्यात मेला, डोक्याला दगडाची खोक. त्याची पिशवी तिथे सापडली होती. कागद लावायची फळी सापडली नव्हती. त्यानं त्या दिवशी काही काढलंच नाही, असं सगळ्यांनी, फौजदारबाईनंसुद्धा, धरून चाललं होतं.

कोठडीत नावाडी भिंतीला टेकून बसला होता. बाईला बघून उठला नाही. उठून काही होईल असं त्याला आता वाटत नव्हतं.

“मामा, परत एकदा सांग.”

“काय सांगू? सोडला त्याला गोदीच्या तोंडाशी, जेवणवेळ टळल्यावर. म्हणाला, दिवस मावळताना ये. आलो तर पालथा तरंगत होता. ओढून होडीत घेतला आणि तुमच्याकडे आणला. आणला हीच चूक झाली म्हणा.”

“धक्क्यावरचे चार लोक सांगतात, तू त्याला म्हणायचास, एक दिवस पाण्यात ढकलून देईन म्हाताऱ्या.”

“म्हणायचो की! होडीत बसला की हलायचा नाही, बोलायचा नाही, माझंच थोबाड काढत बसायचा. मी म्हणायचो, ढकलून देईन. तो म्हणायचा, ढकल, पण आधी नाक नीट धर, रेघ चुकली. इतकी वर्षं आमचं हेच चालायचं.” त्याचा आवाज फाटला. “थट्टा करायलाही आता वकील लावायचा का, बाई?”

फौजदारबाईनं वही उघडली. तिनं दुसरंच विचारलं. “तिथे दगडावर काही होतं?”

“शाई. तो बसायचा तिथे सगळी सांडलेली. मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या लोकांनी लिहून घेतलं नाही.”

हवालदार कोठडीच्या गजांकडे बघत राहिला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदीवर पाणी तसंच होतं, हिरवट काळं, ढिम्म. चित्रकार बसायचा त्या अलीकडच्या बांधावर फौजदारबाई उकिडवी बसली.

शाई वाळून दगडाचाच भाग झाली होती. दौत लवंडली त्या जागी मोठा डाग, आणि तिथून पुढे उडालेले शिंतोडे, पंख्यासारखे पसरलेले. पण पंखा अख्खा नव्हता. मधे एक पट्टा स्वच्छ होता. दोन्ही बाजूंना काळे ठिपके, मधे कोरा दगड.

“हवालदार, तुम्ही इथे उभे राहा. हां, तिथेच. आता मी तुमच्याकडे शाई उडवली तर?”

“माझ्या कपड्यांचं वाटोळं होईल.”

“आणि तुमच्या मागचा दगड कोरा राहील.”

हवालदार चटकन बाजूला झाला, जणू तिनं खरंच उडवली. “म्हणजे कोणीतरी इथे उभं होतं. आणि शाई त्याच्या अंगावर गेली.”

“आणि नावाड्याचे कपडे आपण त्याच दिवशी जप्त केले. शाईचा एक ठिपका नाही त्यावर.” ती उठली. “हे मला त्याच दिवशी दिसायला हवं होतं.”

समोर, पाण्यापलीकडे, गोदामाच्या फटीतून एक पायवाट पायऱ्यांपाशी उतरत होती. रस्त्यानं येणारा माणूस आधी तिथे येणार. तिथे उभं राहून समोर बसलेल्याला बघणार. मग बांधावरून वळसा घालून इकडे येणार.

“पायरीवर उभा राहिला,” ती स्वतःशीच बोलली, “आणि म्हाताऱ्यानं त्याला पाण्यात टिपलं. वर काढायचा राहिला, कारण तो चालत इथपर्यंत आला.”

हवालदारानं रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मॅडम, म्हणजे काल ते सगळे चहा पीत, वाहवा करत बसले होते ते...”

“खून करणाऱ्याचं चित्र बघत बसले होते.”

४

दालनाच्या मालकाला घाम पुसायला रुमाल पुरेना.

“मी सांगतोय ना, त्यांनीच आणून दिलं...”

“सही कोणी केली?” फौजदारबाई.

“त्यांनीच.”

“दगडावर?”

“कुठेही करतात चित्रकार. मूड असतो.”

“फळी कुठे आहे?”

“कसली फळी?”

हवालदार आतल्या खोलीतून फळी घेऊन आला. चौकटींच्या मागे ठेवली होती. एका कडेला शाईचे ठिपके.

मालक खुर्चीवर बसला. बसल्यावर एकदम म्हातारा दिसायला लागला.

“मी मारलं नाही. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, एक चित्र कमी होतं. दिवस मावळायच्या आधी गाडी घेऊन गोदीवर गेलो, म्हटलं झालं असेल तर घेऊन यावं. ते पाण्यात होते. कधीच गेलेले. फळी दगडावर पालथी पडली होती.”

“मग?”

“मग... उचलली.”

“पाण्यातून माणूस काढायचा सोडून चित्र उचललंत?”

“माणूस गेला होता, बाई! चित्र होतं!” तो ओरडला, आणि ओरडल्यावर आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं.

फौजदारबाईला शिसारी आली. कलेवर प्रेम आहे म्हणून हा माणूस भाषणं देत फिरायचा. नावाडी कोठडीत सडतोय हे त्याला ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता. त्याऐवजी यानं चित्राला काच घातली.

“पाण्यात माणूस आणि वर नाही, हे तुम्हाला खटकलं नाही?”

“खटकलं. सही मीच केली, पण माणूस मला जमणार नव्हता. त्यांच्या शिष्याला म्हटलं, वरचा माणूस तू काढ, तुझा हात त्यांच्यासारखाच आहे. तो नाही म्हणाला. मग चित्र लागल्यावर समीक्षक आले. बघून नुसते उभे राहिले. पांढरेफटक पडले होते, मी पाणी दिलं. मग म्हणाले, अजिबात हात लावू नका, हीच तर प्रतिभा आहे. नसण्याची कविता आहे ही. मला हायसं वाटलं.”

फौजदारबाईनं हवालदाराकडे पाहिलं. हवालदारानं मिशी चावली.

५

शिष्य पोटमाळ्यावर राहत होता. खोलीत वाळत घातलेले कागद आणि न धुतलेले पेले. तिशीचा, तुटक बोलणारा.

“तुला पहिल्यांदा बघताच कळलं असेल,” फौजदारबाई म्हणाली. “आधी पाणी.”

“कळलं.”

“गप्प का बसलास?”

“मालकानं पुढच्या वर्षी माझं प्रदर्शन लावतो म्हटलं होतं.” तो हसला, वाईट हसला. “सरांनी मला रेघ शिकवली. पाठीचा कणा शिकवायचं राहिलं असेल.”

“आत्ता दाखव थोडा. त्या चित्राबद्दल काय ते सगळं सांग.”

त्यानं हातातला पेला बाजूला ठेवला. मग हातानंच हवेत रेघा ओढत बोलायला लागला. “पाणी शांत आहे. निब नुसती टेकवलीय, कागदाला कळलंसुद्धा नसेल. भिंतीची डावी बाजूही तशीच. पण पायऱ्यांकडे यायला लागलात ना, की निब दाबली गेलीय. रेघ फाटलीय, दोन टोकं झालीत तिची. एका ठिकाणी कागद सोलवटलाय. सर रागावले की असे काढायचे. भांडतानासुद्धा टाक खाली ठेवायचे नाहीत. समोरचा बोंबलतोय आणि हे दगड काढतायत.”

“म्हणजे ते भांडण चित्रात आहे.”

“उजव्या अर्ध्यात. बगळा त्याला दगडाचं काठिण्य म्हणाला काल. मला हसू आलं.”

“बगळा कोण?”

“समीक्षक. बारा महिने पांढराशुभ्र कोट, लांब मान. आणि चित्र बघायचं म्हणजे असं.” त्यानं दोन्ही कोपरं बाहेर काढली, हात डोळ्यांसमोर नेले, अंगठे आणि बोटं जोडून चौकट केली आणि मान पुढे काढून त्यातून बघितलं. हवालदाराला हसू फुटलं. “झाड असो, बाई असो, बशीतली बिस्किटं असोत, चौकटीतूनच बघणार. सर म्हणायचे, याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.”

“काल तर काळा कोट होता,” हवालदार म्हणाला. “एवढ्या उन्हाळ्यात.”

“हो ना. मीही म्हटलं, बगळ्याचा कावळा कधी झाला?”

फौजदारबाईला हसू आलं नव्हतं. ती शिष्याच्या हातांकडे बघत होती. त्यानं अजून चौकट सोडली नव्हती.

“एक विचारते. तुझे सर समीक्षकाबद्दल आणखी काय म्हणायचे?”

“अलीकडे काही नाही. पण प्रदर्शनाच्या दिवशी भाषण करणार होते. सर आणि भाषण! मी विचारलं कशावर, तर म्हणाले, आजोबांवर.”

“कोणाच्या आजोबांवर?”

“तेच विचारलं. नुसते हसले.”

६

“आजोबा?” काकू म्हणाल्या. “संग्रहालयात नदीकाठची जुनी चित्रं आहेत ना, शंभर वर्षांपूर्वीची म्हणतात ती. आम्ही तिथे गेलो की हे त्यांच्यासमोर उभे राहून हसायचे. म्हणायचे, ओळख करून देतो, हे माझे आजोबा. मला वाटायचं, थट्टा करतात.”

संग्रहालयाच्या थंड खोलीत ती चित्रं काचेखाली होती. कोणा अज्ञात जुन्या चित्रकाराची, तपकिरी पडलेल्या कागदावर. शेजारी पाटी होती, आणि ती शोधून काढणाऱ्या समीक्षकाचं नाव चित्रकाराच्या नावाच्या जागी असावं एवढ्या मोठ्या अक्षरांत. समीक्षकाची सगळी कीर्ती या भिंतीवर उभी होती. याच शोधानं त्याला मान, समित्या, खुर्च्या मिळाल्या होत्या.

शिष्याला फौजदारबाईनं बरोबर आणलं होतं. तो काचेला नाक लावून बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला.

“बोल.”

“इथे बघा. काठाची रेघ पाण्याच्या रेघांवरून गेलीय. शाईवर शाई चढली की थोडी फुगते, चमकते. इथेही तसंच. आणि इथे.” तो एका चित्रावरून दुसऱ्याकडे गेला. “सगळीकडे पाणी खाली आहे, जमीन वर. आधी पाणी काढलंय.” त्यानं भिंतीला हात टेकला. “माझ्या ओळखीत असं एकच माणूस काढायचा.”

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हणजे हे शंभर वर्षांपूर्वीचं...”

“सरांनी तरुणपणी जुन्या कागदावर काढलेलं. कुणाच्यातरी सांगण्यावरून.”

शिष्य तिथेच बाकावर बसला. शाळेतल्या पोरांना मास्तर इथे आणून ही चित्रं दाखवायचे. त्यालाही आणलं होतं. ती बघून त्यानं ठरवलं होतं की आपण चित्रकार व्हायचं.

फौजदारबाई बाहेर आली. आता तिला कारण मिळालं होतं, पण चित्रातला माणूस कोर्टात बोलणार नव्हता. कोट हवा होता.

कपडे धुणाऱ्या दुकानदारानं प्रश्न पुरा होऊ दिला नाही. “पांढरा कोट? घेऊन जा हो तो! किती दिवस अडून पडलाय. काळी शाई आहे, वाळली की पाण्याला दाद देत नाही. साहेबांना फोन केला, म्हटलं जात नाही डाग. म्हणाले, फेकून द्या. एवढा भारी कोट कोण फेकतो?”

कोट गोदीच्या दगडाच्या नेमका उलट होता. दगडावर जो पट्टा कोरा होता, तो इथे काळ्या ठिपक्यांनी भरला होता.

७

दुसऱ्या दिवशी दालनात पुन्हा खुर्च्या मांडल्या. माणसं मोजकीच होती. मालक, शिष्य, काकू. नावाड्याला हवालदारानं आणून मागे बसवलं होतं. समीक्षक सगळ्यात शेवटी आला, काळ्या कोटात, हात खिशात.

भिंतीवर दोन चौकटी होत्या. एक कापडाखाली झाकलेली. दुसरी उघडी, संग्रहालयातून मागवलेली.

“तुम्हाला तसदी दिली,” फौजदारबाई म्हणाली. “आम्हाला यातलं काही कळत नाही. पण काही लोक म्हणतात, हे जुनं चित्र खोटं आहे. तुम्ही शोधून काढलेलं.”

“कोण म्हणतं?” त्याची मान ताठ झाली.

“म्हणणारे म्हणतात, उजव्या कोपऱ्यातली होडी आजच्या बांधणीची आहे.”

“मूर्खपणा! काय नजर आहे त्यांना? होडीची बांधणी!” तो तरातरा पुढे गेला. रागावला होता. गेली कित्येक वर्षं त्या चित्रावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. हात खिशातून बाहेर आले. कोपरं फाकली, अंगठे आणि बोटं जुळली, मान पुढे गेली, आणि तो त्या चौकटीतून होडी बघायला लागला.

फौजदारबाईनं शेजारचं कापड ओढलं.

गोदीचं चित्र तिनं उलटं टांगलं होतं. पाणी वर गेलं होतं आणि पाण्यातला माणूस सरळ उभा होता. आता ती बाई नव्हती. डोक्यावर ओझंही नव्हतं. लांब मानेचा एक पुरुष, कोपरं बाहेर काढून, डोळ्यांसमोर हातांची चौकट धरून, समोरच्या म्हाताऱ्याकडे बघत होता. दहाबारा रेघांचा असेल. एक रेघ कमी केली असती तर तो कोणीही असता.

आणि त्याच्या शेजारी तोच माणूस, तसाच, जमिनीवर उभा होता.

काकूंच्या घशातून आवाज आला. मालक उठला आणि परत बसला. शिष्यानं डोळ्यांवर हात घेतला.

समीक्षकाला कळायला क्षण लागला. त्यानं मान वळवली, चित्र पाहिलं, आणि मग आपले हात पाहिले. ते खाली घ्यायचं त्याला सुचेना. घेतले तरी काय, न घेतले तरी काय.

“हा योगायोग आहे,” तो म्हणाला. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले.

हवालदारानं पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्यावरचे डाग सगळ्यांना दिसले.

“मी समजावायला गेलो होतो,” समीक्षक खाली बसत म्हणाला. “पायरीवर उभा होतो, कसं सांगावं ते जुळवत. मग वळसा घालून गेलो. म्हटलं, या वयात कशाला बोलतोस, दोघांचंही नाव जाईल. त्यानं मान वर केली नाही. काढत राहिला. म्हणाला, पोरांना आजोबा दाखवून फसवतोयस, बास झालं. मी हात जोडले. तो काढत राहिला! मी फळीला धक्का दिला, नुसता फळीला. दौत उडाली. तो उठला, मला धरायला. मी ढकललं. त्याचं डोकं दगडावर... तो पाण्यात गेला.”

“आणि तुम्ही?”

“पळालो.”

“फळीवर काय काढलं होतं ते पाहिलं नाहीत?”

त्यानं मान हलवली. जन्मभर दुसऱ्यांना चित्र कसं बघायचं ते शिकवणाऱ्यानं नेमकं तेच एक बघितलं नव्हतं. चित्र लागलं तेव्हा इथे, काचेआड, ते त्याच्यासमोर आलं. मग त्याच्यापाशी बोलणं तेवढं उरलं. तो बोलला. लोकांनी डोळे पुसले.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नावाडी उठून पुढे येत होता. हवालदार त्याला अडवायला निघाला, पण फौजदारबाईनं हातानं थांबवलं.

नावाड्यानं समीक्षकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो चित्रासमोर उभा राहिला. पुष्कळ वेळ.

“सरळ करा ते,” तो म्हणाला. “त्यानं पाणी असं नव्हतं काढलं.”

शिष्यानं चौकट फिरवून नीट टांगली. पाणी खाली आलं.

८

समीक्षकाबरोबर मालकालाही कोठडीत नेलं. नावाड्याला सोडलं. वरून फोन आला, शाबासकीचा. फौजदारबाईनं ऐकून घेतला आणि ठेवला. आदल्या आठवड्यात याच आवाजानं नावाड्यावर आरोपपत्र मागितलं होतं.

काकू तिच्या टेबलासमोर बसल्या होत्या.

“ती सही खरवडून द्या,” त्या म्हणाल्या. “धारदार पातं घेतलं की शाई निघते. हे असंच काढायचे चुकलेली रेघ.”

“काकू, तो पुरावा आहे. खटला संपेपर्यंत हात लावता येत नाही.”

“मग मी थांबते. आणि वर कोणाला माणूस काढू देऊ नका. या पोरालाही नाही.”

“नाही देणार.”

बाहेर शिष्य नावाड्याजवळ उभा होता. काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होता, माफीसारखं, अर्धवट. नावाडी ऐकत होता की नाही कळत नव्हतं.

“मामा,” शेवटी शिष्य म्हणाला, “मला न्याल गोदीवर?”

नावाड्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. फौजदारबाई दारात थांबली. तिला वाटलं, आता तो जुनं वाक्य बोलेल, ढकलून देण्याचं. त्याचे ओठ हललेसुद्धा.

पण त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं, आणि ते गिळून टाकलं.

“बस होडीत,” एवढंच म्हणाला. “हलू नको.”